बांगडा पट्टीपेक्षा लहान असेल तर घ्यावा का?

म्हापशाची खानावळ यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मी इथे एरवी नुसतं वाचते, लिहायला वेळ होत नाही. पण गेल्या बुधवारपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, आणि घरात ज्याला सांगावं तो म्हणतो, "तू मासे तळ, जगाची काळजी नको." म्हणून इथे आले.

म्हापशात आमची खानावळ आहे. टेबलं सात, त्यातलं एक डुगडुगतं. सासूबाईंनी सुरू केली, आता मी आणि नवरा बघतो. दुपारी पन्नास-साठ ताटं जातात. कोर्टात तारखेला आलेले, बँकेतले, बसचे ड्रायव्हर-कंडक्टर, शुक्रवारी बाजाराला आलेले. भात, हुमण, किसमूर, एक भाजी, सोलकढी आणि तळलेला मासा. तळलेला मासा म्हणजे बांगडा, हे कोणी विचारतही नाही. इसवण आणि पापलेट मागणारे वेगळे, त्यांचं बिलही वेगळं.

सासूबाईंना बाजाराची वही लिहायची सवय होती. रोज काय आणलं, कितीला आणलं, आणि शेवटच्या रकान्यात 'ताटाला किती'. त्या गेल्यावर मीही तशीच लिहीत राहिले, का ते माहीत नाही, वही असली की लिहिलं जातं. यंदा पावसात माळ्यावर पाणी झिरपलं म्हणून सगळं खाली काढलं, आणि जुन्या वह्या वाळवताना उघडून बसले. भावाचं सोडा, भाव सगळ्याचेच वाढले. मला हलवलं ते त्या शेवटच्या रकान्याने. सासूबाईंच्या अक्षरात पानोपान आहे: 'बांगडा, ताटाला अर्धो.' म्हणजे एक बांगडा दोन ताटांना. मला आठवतंय, मी लग्न होऊन आले तेव्हा डोक्याकडची बाजू कोणाला आणि शेपटीकडची कोणाला यावरून रोजची गिऱ्हाइकं रुसायची. मग माझ्या वह्यांमध्ये बरीच वर्षं 'ताटाला १'. आणि अलीकडे, पाहते तर मीच लिहिलंय, 'ताटाला २'. लिहिताना एकदाही लक्षात आलं नाही.

आता बुधवारची गोष्ट. जिच्याकडून आम्ही कायम घेतो त्या नुस्तेकान्नीने, म्हणजे मासेवालीने, टोपली पुढे केली. बांगडेच, पण बोटाएवढे. म्हणाली, "सवाय आसात, व्हर गो. रव्यात घोळून कडक भाज, कांट्यासकट खातले." स्वस्त होते हे खरं, म्हणून आणले. साफ करायला बसले तर आत काही नाही. ना गाभोळी, ना काही. मुलगा आठवीत आहे, त्याने गंमत म्हणून कंपासपेटीतली पंधरा सेंटीमीटरची पट्टी आणली आणि ओट्यावर एकेक मोजायला लागला. पट्टीला पुरेल असा एकही निघाला नाही. "आई, हे सगळे बालवाडीतले आहेत," म्हणाला. मी त्याला ओरडले, पट्टी माशाची झाली म्हणून. पण त्या दिवशी तळताना मला कसंतरीच झालं.

तर माझं विचारणं असं. हे दरवर्षीच थोडंफार असतं आणि मीच आता बघायला लागलेय, की खरंच समुद्रात मोठा बांगडा उरलेला नाही? आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं: मी ही टोपली घेतली नाही तर काय होणार? मासा तर मेलेलाच आहे. मी नाही घेतला तर शेजारचा घेईल, तोही नाही तर खताला जाईल. मग मी न घेऊन कोणाचं भलं? पण घेत राहिले तर पुढच्या वर्षी वहीत 'ताटाला ४' लिहायचं का?

'मासे सोडा, शाकाहारी व्हा' असं लिहिणाऱ्यांनी कृपया हा धागा ओलांडून पुढे जावं. सोलकढीच्या धाग्यावर तुमच्याशी बोलून झालंय.

---

पर्वरीचा भुकेला

ताई, एवढा विचार कशाला? फ्रोझन बासा घ्या. काटे नाहीत, आकार ठरलेला, वर्षभर एक भाव. अर्ध्या हॉटेलांत तेच चालतं.

---

म्हापशाची खानावळ

बासाचं हुमण केलं तर सासूबाई फोटोतून खाली उतरतील.

---

शापोऱ्याचा म्हातारा

बाय, तुझ्या सासूच्या वहीवर माझा विश्वास आहे. जेटीवरच्या आकड्यांपेक्षा जास्त. आकडा टनात लिहितात, आणि टनाला लांबी नसते.

मी गाबीत, मच्छीमार जातीचा. आमच्या घरात रापण होती. आजच्या पोरांना रापण म्हणजे मोरजीला पर्यटक दोरीला हात लावून फोटो काढतात ती. आमच्या वेळी होडी जाळं घेऊन समुद्रात अर्धा फेर मारून यायची, दोन्ही टोकं किनाऱ्यावर, आणि साठ-सत्तर माणसं दोऱ्या ओढायची. जो ओढेल त्याचा वाटा. बाई वाटेने जाताना हात लावून गेली तरी तिच्या पदरात चार तारले (सार्डिन) पडायचे. बापाला एक सवय होती, मासळीचा थवा आला की तो पाण्याचा रंग बघून सांगायचा: हा बांगडा, हे तारले, हे वेर्ली. मला ती नजर आली नाही. यायला थवे पाहिजेत ना समोर.

गोवा मुक्तीनंतर सरकारने ट्रॉलर आणले. कर्ज दिलं, सबसिडी दिली, कोळंबीला परदेशात सोन्याचा भाव होता. ट्रॉलर म्हणजे काय, तळ खरवडत जाणारं जाळं. कोळंबीसाठी खरवडलं की तळावरचं सगळंच वर येतं. कोळंबी ठेवायची आणि बाकीचं ढिगाने फेकायचं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आणि खोल समुद्रासाठी घेतलेल्या बोटी आमच्या दारात ओढत होत्या, कारण कोळंबी दारातच असते. रापणीवर रापणी फाडून नेल्या. तेव्हा आमचे नेते मातानी साल्दान आणि रापणकारांचा एकवोट, म्हणजे संघटना, उभा राहिला. सत्तरीचं दशक संपत आलं होतं. मी विशीतला, पणजीला मोर्चाला गेलो होतो, आईने भाकरी बांधून दिली होती. त्या भांडणातून १९८० चा कायदा आला, किनाऱ्यापासून ५ किलोमीटर आत यांत्रिक बोटींनी ओढायचं नाही.

कायदा आहे. अजून आहे. रात्री माझ्या ओसरीवरून इंजिनाचा आवाज येतो. पाच किलोमीटरवरचा आवाज ओसरीवर येतो का, तू सांग.

पुढे आले ते पर्ससीनवाले. अख्खा थवा वेढायचा, खालून दोरी खेचून जाळ्याचं तोंड बांधायचं, बटव्यासारखं. थव्यातलं एकसुद्धा सुटत नाही. आणि आता एलईडी. जनरेटर लावून पाण्यावर दिवस करतात, मासा उजेडाला येतो, मोठा, लहान, गाभोळीचा, बिनगाभोळीचा. दिल्लीने १० नोव्हेंबर २०१७ ला एलईडी आणि दोन बोटींनी एक जाळं ओढायचं ते बुल ट्रॉलिंग, दोन्हींवर बंदी घातली. तरी चांदणं नसलेल्या रात्री क्षितिजावर बघ, दिवाळी असते.

पण एक गोष्ट लिहितो, लपवत नाही. आम्हीही धुतल्या तांदळाचे नव्हेत. मासा कमी यायला लागला तशी आम्हीही जाळ्याची आस, म्हणजे भोकं, बारीक केली. शेवटी शेवटी आमच्या रापणीच्या खोळ्यातून, म्हणजे मासा साठतो त्या टोकाच्या पिशवीतून, हाताचं बोट जात नव्हतं. बापाने पाहिलं आणि म्हणाला, "ही रापण नव्हे, ही मच्छरदाणी." मी म्हटलं, शेजारची रापण तशीच आहे. तुझ्या प्रश्नासारखंच झालं ते. मी नाही घेतलं तर शेजारी घेईल. २००३ ला रापण विकली. मुलगा डॉल्फिन दाखवायची बोट चालवतो. डॉल्फिन तरी पर्ससीनवाल्यांच्या मागून फिरतात म्हणून सापडतात.

आणि नारळी पुनव. पूर्वी नारळ सोडल्याशिवाय कोणी मोठं जाळं पाण्यात टाकत नव्हतं. पुनव मागेपुढे व्हायची, पण मासा आणि पुनव यांचं काहीतरी ठरलेलं होतं. आता १ जूनला बंद आणि ३१ जुलैला बारा वाजता उघडलं. घड्याळावर.

---

मालीम १४

काकांचा मान राखून. माझा ट्रॉलर आहे, पणजीजवळ मालीमच्या जेटीला लागतो. इथे सगळे मला चोर म्हणणार ते माहीत आहे, तरी लिहितो, कारण ताईंनी जो प्रश्न विचारला तो मला रोज पडतो.

बोट एकदा सुटली की आठ-दहा दिवस बाहेर. डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार. खलाशी ओडिशा-झारखंडचे, गावी जातात आणि हंगाम उघडला तरी वेळेवर येत नाहीत. गोंयकार पोर आता बोटीवर चढत नाही. बँकेचा हप्ता मात्र बरोबर तारखेला येतो. डिझेलवरच्या व्हॅटचा परतावा मिळतो म्हणून लोक टोमणे मारतात. तो नसता तर अर्ध्या बोटी कधीच भंगारात गेल्या असत्या. (काही गेल्या असत्या तर बरंच झालं असतं, हेही मी मान्य करतो. पण माझी नको, हे प्रत्येकजण म्हणतो.)

जाळ्याची आस. आपल्याकडे नियम कोळंबीला २० मिलिमीटर आणि माशाला २४. मी एक हंगाम नियमाने मोठी आस लावून पाहिली. माझ्या जाळ्यातून जो लहान मासा सुटला तो मागून येणाऱ्याच्या जाळ्यात गेला. त्याला तो विकता आला, मला नाही. एका हंगामात एक लाखाच्या वर फटका. दुसऱ्या वर्षी परत जुनी आस. मला शिव्या द्या, पण पुढे काय ते पण सांगा.

तुमच्या टोपलीतली ती मासळी पूर्वी आम्ही समुद्रातच टाकून द्यायचो. बर्फ महाग आणि खणात जागा कमी. आता टाकत नाही, कारण तिला गिऱ्हाईक आहे. फिशमीलवाले क्रेटने घेतात, बर्फ न लावलेला, चेपलेला, कसाही. त्याची भुकटी होऊन कोळंबीच्या तळ्यांना आणि कोंबड्यांना जाते. म्हणजे तुम्ही उद्या बांगडा बंद करून चिकन थाळी सुरू केलीत तरी गिऱ्हाईक थोडा बांगडाच खाणार.

आणि सगळं आमच्यावर नको. बाहेरच्या हायस्पीड बोटी येतात, आमच्या दुप्पट इंजिनाच्या. आमचेही काहीजण हद्द ओलांडून सिंधुदुर्गात जातात आणि पकडले जातात, ते मालवणवाल्यांना विचारा. जो तो दुसऱ्याच्या दारात. शिवाय पाणीच बदललंय. काही वर्षं तारले नव्हतेच. आम्ही नाही, कुणीच आणले नाहीत. तेव्हा काय आम्ही एका रात्रीत संपवले होते?

---

शिरगाव बॅच ०९

मी रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलो, घर डिचोलीला. मालीमदादा, तुमच्या शेवटच्या मुद्द्याला थेट उत्तर देतो, कारण तारल्यांची गोष्ट खरोखर चांगली नोंदलेली आहे, फक्त केरळात.

केरळात २०१२ मध्ये तारले सुमारे ३.९ लाख टन उतरले होते. २०२१ मध्ये? साडेतीन हजार टनांच्याही खाली. लाख नाही, हजार. कोचीच्या सीएमएफआरआयने, म्हणजे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने, कारणं शोधली तेव्हा एल निनोचा हात मोठा निघाला. पाणी तापतं, पावसाळ्यात तळातलं थंड, खतावलेलं पाणी वर येतं ते नीट येत नाही, तारल्यांचं खाणं कमी होतं. म्हणजे तुमचं अर्धं बरोबर. पण उरलेलं अर्धं असं की त्याच वर्षांत पिल्लंही बेसुमार उचलली गेली. वाईट वर्ष समुद्राला नवं नाही. वाईट वर्षात जी थोडी मोठी मासळी टिकते तीच पुढची पिढी घालते. ती टिकूच दिली नाही, तर वाईट वर्षानंतर चांगलं वर्ष यायला घालणारे कोण? हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. दुष्काळात तो बियाणं खात नाही.

आणि पुढचंही सांगतो. केरळात तारले त्यानंतर परत लाख टनांच्या वर गेले. तारला आणि बांगडा ही चिवट जात आहे. पहिल्या वर्षातच झपाट्याने वाढतात, मादी अंडी हजारोंनी घालते. थोडी उसंत दिली की भरून येतात. हे मोरीला, म्हणजे शार्कला, लागू नाही. मोरी मोजकी पिल्लं घालते, तीही वाढायला वेळ लावते. मोरीचं आंबट-तीख मलाही आवडतं, पण छोटी मोरी पाहिली की मी खरोखर हात मागे घेतो. बांगड्याबद्दल मी एवढा निराश नाही.

आता पट्टी. ताई, तुमच्या मुलाने नकळत बरोबर पट्टी उचलली. केरळने २०१५ मध्ये १४ जातींना किमान लांबी ठरवली, २०१७ मध्ये ती ५८ जातींपर्यंत नेली. त्याहून लहान मासा पकडणं-विकणं गुन्हा. तारल्याला १० सेंटीमीटर, बांगड्याला १४. तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजायचं. पण लक्षात घ्या, १४ ही कायद्याची शेवटची रेघ आहे. बांगडा गाभोळी धरतो तो साधारण १८ सेंटीमीटरच्या आसपास. म्हणजे १५ च्या पट्टीला पुरलेला बांगडा कायद्यातून सुटला तरी तो अजून बाप झालेला नाही. मला विचाराल तर पट्टी अधिक तीन बोटं.

आसेबद्दल एक बारीक पण महत्त्वाचं. आपल्या ट्रॉलच्या खोळ्याची भोकं शंकरपाळ्याच्या आकाराची असतात. जाळं रिकामं असताना ती उघडी दिसतात. पण भरून ओढायला लागलं की ताणाने शंकरपाळी मिटते, भोक चिरेएवढं होतं. म्हणून २४ मिलिमीटरची आससुद्धा पाण्यात २४ राहत नाही. त्याऐवजी खोळ्याला चौकोनी आस लावली तर ओढतानाही भोक उघडं राहतं आणि पोरंसोरं निसटतात. सगळं जाळं बदलायचं नाही, फक्त खोळा. दादा, खर्च आहे, पण एक लाखाचा नाही. अडचण खर्चाची नाहीच, तुम्ही लिहिलीत तीच आहे: मागून येणाऱ्याची. ती एकट्याने सुटत नाही. जेटीवरच्या सगळ्यांना एकाच दिवशी लावायला लावलं तरच. तपासणीही समुद्रात नको, जेटीवर करा. बोट कुठेही ओढो, उतरते जेटीवरच. गोव्यात जेट्या आहेत किती? मालीम, शापोरा, वास्कोचा खारीवाडा, कुटबण, तळपण. पाच जागी पहाटे पट्टी घेऊन उभं राहायला काय लागतं?

ताई, 'मी न घेऊन काय होणार' याला माझं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. त्या बुधवारी काहीच नाही. मासा मेला आहे. पण लहान बांगड्याला दोन भाव आहेत. फिशमीलचा, तो अगदीच पडेल. आणि तुमचा, म्हणजे खानावळीचा, जो त्याच्या किती तरी वर. बोटवाला बारीक खोळा लावतो तो तुमच्या भावासाठी जास्त, फिशमीलसाठी कमी. तुम्ही दोघी-तिघींनी घेणं थांबवलं तर नुस्तेकान्न लिलावात ती टोपली उचलणार नाही. एवढंच तुमच्या हातात आहे. हे काही कमी नाही, पण ह्याने समुद्र वाचेल असं कोणी सांगितलं तर मानू नका.

जाता जाता: मडगावच्या घाऊक बाजारात रोज कर्नाटक, आंध्र, तमिळनाडूपर्यंतचे ट्रक येतात. २०१८ च्या जुलैत फॉर्मेलिनचा गोंधळ झाला, सरकारने बाहेरची मासळी पंधरा दिवस थांबवली, तेव्हा आपल्याला कळलं आपल्या ताटातला किती मासा गोव्याचा नाही. म्हणजे म्हापशात मिळालेला लहान बांगडा मालीमचाच असेल असंही नाही. आधी विचारा, कुठला.

---

पर्वरीचा भुकेला

एवढं वाचून मला भूक लागली आणि लाजही वाटली. बासाचं मागे घेतो.

---

शापोऱ्याचा म्हातारा

पोरा, शंकरपाळ्याचं बरोबर सांगितलंस. आम्ही हेच ओल्या जाळ्यावर बोट फिरवून ओळखायचो, फक्त शंकरपाळं म्हणत नव्हतो.

बाय, तुला एक सुचवतो. ट्रॉलरचा मासा घेऊच नको असं नाही, पण शापोऱ्याला छोट्या होड्या आहेत, कांटाळीं टाकतात. पाण्यात उभं सोडलेलं जाळं, मासा डोकं घालतो आणि गळ्यात अडकतो. आस जेवढी, मासा तेवढाच. लहान आरपार जातो, फार मोठा अडकतच नाही. त्यात येणारा बांगडा जवळपास एका मापाचा असतो, आणि रात्रीचाच असतो, दहा दिवसांचा नव्हे. महाग पडेल. पण तुझ्या सासूच्या वहीतला 'अर्धो' आठव. एक मोठा घेऊन दोन ताटांना लावलास तर हिशेब बसतो.

आणि रोज बांगडाच का? शेवटो आहे, काळुंद्र आहे. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेताच्या, मानशीवर (पाणी आत-बाहेर सोडायच्या दारावर) सापडतात. शेवटो तर आता राज्याचा मासा म्हणून जाहीर केलाय, निदान मान म्हणून तरी ताटात घाल. तोही कमी झालाय, खाजनं पडीक टाकली, बांध फुटले, मासळीच्या पोरांना वाढायला ती चिखलाची जागा लागायची ती कोणी सांभाळली नाही. पण तो दुसरा धागा.

---

मालीम १४

शिरगावदादा, पाच जेट्या, पाच पट्ट्या, हे मला पटलं. सगळ्यांना एकाच दिवशी लावत असाल तर माझा खोळा मी पहिला बदलेन. इथे लिहून ठेवतो. आधी लावणार मात्र नाही.

---

म्हापशाची खानावळ

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला आठवडा लागला कारण करून बघत होते.

सोमवारी पट्टी घेऊन बाजारात गेले. पट्टी नवीन, पोराची त्याला परत दिली, तिला अजून वास येतो म्हणतो. आमच्या नुस्तेकान्नीसमोर बांगड्यावर पट्टी धरली आणि पट्टीपुढे तीन बोटं मोजली. तिने टोपलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पट्टी दाखयनाका, पयसे दाखय." आजूबाजूच्या सगळ्या हसल्या. मला कानापर्यंत लाज वाटली, पण घेतले नाहीत. कुठले म्हणून विचारलं तर म्हणाली, ट्रकातले. बाकी सांगेना.

मग त्या दिवशी बांगडा नाहीच. फळ्यावर लिहिलं, 'आज तळलेलं: काळुंद्र', आणि तीही सगळ्यांना पुरली नाहीत. कोर्टातले एक वकील, रोज कोपऱ्यात बसतात, त्यांनी ताट परत केलं. बांगडा नसेल तर जेवणार नाही म्हणाले, आणि समोर वडापाव खाल्ला, मला दिसेल असा. ड्रायव्हर मंडळींना फरक पडला नाही. हुमण तिखट आहे ना, एवढंच विचारलं.

गुरुवारी मोठे बांगडे मिळाले. पट्टीच्या वर चार बोटं. महाग होते, पण काकांनी सांगितलं तसं आडवे अर्धे केले. एक जुने गिऱ्हाईक आहेत, पेडण्याचे, सासूबाईंच्या वेळेपासून येतात. अर्धा तुकडा बघून खूश झाले. "डोक्याकडची बाजू मला," म्हणाले, आणि समोरच्याने लगेच, "का? मला का नाही?" मी स्वयंपाकघरात जाऊन थोडा वेळ उभी राहिले. वहीत लिहिलं: 'ताटाला ½'.

आठवड्याचा हिशेब: तोटा झाला, फार नाही. चार दिवस बांगडा, दोन दिवस दुसरं काहीतरी. नवरा म्हणतो महिनाभर बघू. शेजारच्या खानावळीतल्या बाईंशी बोलले, त्या म्हणाल्या, "तुम्ही थांबवलंत म्हणजे मला स्वस्त मिळतील." अजून जायला हवं त्यांच्याकडे, दोघी-तिघी म्हणालात त्यातली दुसरी अजून झालेली नाही.

काका, त्या होड्या शापोऱ्याला किती वाजता लागतात? मी शनिवारी येईन म्हणते.

---

शापोऱ्याचा म्हातारा

साडेपाचाक यो. साताक येशी तर हॉटेलवाले सगळें व्हरतात. आणि पट्टी हाड, मी बघतां कोण हासता ती.